साडेचारशे अंश आणि वालाची गाठ

नत्रचक्राचा धडा शिकवताना एक तुलना हमखास केली जाते. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया करायला कारखान्याला साडेचारशे अंश सेल्सिअस तापमान आणि दोनशे वातावरणांचा दाब लागतो. तेच काम कडधान्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू शेतातल्या तापमानाला आणि साध्या दाबाला बिनबोभाट करतात. ही तुलना धड्यांत आढळते, मार्गदर्शकांत आढळते, विज्ञानदिनाच्या भित्तिपत्रकांवर तर असतेच. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील शिक्षकांबरोबर काम करताना ती आमच्या कानावर इतक्या वेळा आली, की तिची एकदा नीट तपासणी करावी असे वाटले.

तुलनेतले आकडे बरोबर आहेत. आमचा आक्षेप आहे तो त्यांतून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर. निसर्ग काटकसरी आणि कारखाना उधळ्या, असा हा निष्कर्ष असतो. वर्गात तो टाळ्या घेतो, पण हिशेबाला टिकत नाही. आणि या दोन तालुक्यांत हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही. येथे पावसाळ्यात भात, आणि भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल किंवा हरभरा. ज्या मुलासमोर आपण हा धडा शिकवतो, त्याच्या ओटीवर पावसाळ्याच्या तोंडाशी युरियाची गोणी असते आणि हिवाळ्यात त्याच्या शेतात वाल असतो. गोणी म्हणजे मूर्खपणा आणि गाठ म्हणजे फुकटचे खत, असे आपण सांगितले तर तो दोनपैकी एक गोष्ट करील. वडिलांना अडाणी समजेल, किंवा शाळेतले विज्ञान शाळेतच ठेवून घरी जाईल. दुसरी शक्यता अधिक.

कारखान्याची बाजू आधी पाहू. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्या संयोगातून अमोनिया होण्याची क्रिया उष्मादायी आहे. एक मोल नायट्रोजनमागे सुमारे ९२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. २५ अंशांना समतोल जवळजवळ पूर्णपणे अमोनियाच्या बाजूला झुकलेला असतो. म्हणजे कागदावर पाहिले तर ही क्रिया साध्या तापमानाला आपोआप व्हायला हवी. ती होत नाही, कारण नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध फार चिवट आहे. तो तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. वाट उताराची आहे, पण वाटेत अडवणूक आहे.

मुरबाडच्या मुलांना नाणेघाट ठाऊक असतो. जुन्नरहून कोकणात उतरणारी ही जुनी व्यापारी वाट. प्रवास उताराचाच, तरी घाटमाथ्यावर जकात द्यावी लागे, आणि ती गोळा करण्याचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण अजून तेथे आहे. अमोनियाची वाट अशीच आहे. कारखाना ही जकात कोणत्या नाण्यात भरतो आणि जिवाणू कोणत्या नाण्यात भरतो, असा प्रश्न विचारला म्हणजे तुलना रुळावर येते.

फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत अमोनिया काढून दाखवला तो ऑस्मियम हा उत्प्रेरक वापरून. हा धातू इतका दुर्मिळ, की त्यावर कारखाना चालणे शक्य नव्हते. कार्ल बॉश यांच्या हाताखाली आल्विन मिटाश यांनी हजारो प्रयोग करून अखेर लोहावर बोट ठेवले. त्यात थोडे अॅल्युमिनियमचे आणि पोटॅशियमचे ऑक्साइड मिसळलेले. १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. आजचे बहुतेक कारखाने याच लोहावर चालतात. या लोहाच्या पृष्ठभागावर नायट्रोजनचा रेणू आधी दुभंगतो, मग सुट्या अणूंना एकेक हायड्रोजन चिकटतो. गेरहार्ड एर्ट्ल यांना २००७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते पृष्ठभागावरील रासायनिक क्रियांच्या अभ्यासासाठी, आणि ही क्रिया त्या अभ्यासात ठळकपणे होती. दुभंगण्याची पायरी सर्वांत सावकाश. तिला वेग यावा म्हणून ४०० ते ५०० अंश तापमान ठेवावे लागते.

येथे अकरावी-बारावीच्या शिक्षकांनी थांबावे. उष्मादायी क्रियेचे तापमान वाढवले की ल शातेलिए यांच्या तत्त्वानुसार समतोल उलट बाजूला सरकतो. अमोनिया कमी होतो. तो नुकसान भरून काढण्यासाठी दाब वाढवावा लागतो. म्हणजे दाब ही नायट्रोजनची मागणी नव्हे. तापमान वाढवल्याचा तो दंड आहे, आणि तापमान वाढवावे लागते ते उत्प्रेरक मंद म्हणून. इतके करूनही एका फेरीत पंधरा-वीस टक्केच वायूचा अमोनिया होतो. उरलेला पुन्हा फिरवावा लागतो. परीक्षेत तापमान किती आणि दाब किती हे विचारले जाते. उष्णता देणाऱ्या क्रियेला आपण उष्णता का देतो, हे कोणी विचारीत नाही. आमच्या मते सबंध धड्यातला विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे.

शिवाय या साडेचारशे अंशांचे बिल फारसे मोठे नसते. क्रियेतून निघालेल्या उष्णतेनेच आत येणारा वायू तापवून घेतात. खरा खर्च आहे हायड्रोजनचा. आपल्या जवळचे उदाहरण तुर्भे आणि अलिबागजवळच्या थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यांचे. थळचा कारखाना १९८० च्या दशकात उभा राहिला तो मुंबई हायच्या समुद्रातून येणाऱ्या वायूच्या भरवशावर. नैसर्गिक वायू आणि वाफ यांच्यापासून हायड्रोजन काढायचा, कार्बन डायऑक्साइड वेगळा करायचा, आणि मग अमोनियाकडे वळायचे. चांगल्या आधुनिक कारखान्यात एक टन अमोनियाला सुमारे २८ ते ३० गिगाज्यूल ऊर्जा खर्ची पडते, आणि तिचा मोठा वाटा हायड्रोजन मिळवण्यात जातो. भित्तिपत्रकावर लाल अक्षरांत तापमान लिहिले जाते, पण कारखान्याच्या हिशेबाच्या वहीत मोठी रक्कम वायूच्या नावावर असते.

आता गाठीत शिरू. जिवाणूंतील जे विकर, म्हणजे एन्झाइम, हे काम करते त्याचे नाव नायट्रोजिनेज. ते दोन प्रथिनांचे मिळून बनलेले असते. धाकट्या प्रथिनात लोहाचे चार आणि गंधकाचे चार अणू यांचा एक पुंजका असतो; ते इलेक्ट्रॉन आणून देते. थोरल्या प्रथिनात लोह-गंधकाचे आणखी मोठे पुंजके असतात, आणि त्यांतील एकावर नायट्रोजनची प्रत्यक्ष क्रिया घडते. या पुंजक्यात लोहाचे सात अणू, गंधकाचे नऊ आणि एका टोकाला मॉलिब्डेनमचा एकच अणू. त्याची रचना १९९२ मध्ये स्फटिकांच्या अभ्यासातून कळली. तेव्हा पुंजक्याच्या मध्यभागी पोकळी आहे असे वाटले होते. २००२ मध्ये तेथे एक हलका अणू असल्याचे दिसले, आणि तो कार्बनचा आहे हे ठरायला २०११ साल उजाडावे लागले. ज्या रेणूवर जगातील नैसर्गिक नत्र-स्थिरीकरणाचा बहुतेक भार आहे, त्याच्या गाभ्यात काय आहे हे इतक्या उशिरा समजले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. ज्ञान पुस्तकात छापून झालेले असते असा त्यांचा समज असतो.

मॉलिब्डेनमचे नाव मोठे असल्याने क्रिया त्याच्यावरच घडते असे बरीच वर्षे मानले गेले. पुढे असे आढळले की काही जिवाणू मॉलिब्डेनम मिळाले नाही तर त्याच्या जागी व्हॅनेडियम असलेले विकर बनवतात, आणि तेही नसेल तर केवळ लोहावर भागवतात. लोहाशिवाय मात्र एकाचेही चालत नाही. नायट्रोजनचा रेणू लोहाच्या अणूंपाशीच धरला जातो, असे सांगणारे पुरावे बरेच आहेत; तपशिलांवर अजून वाद चालू आहेत. म्हणजे मिटाश यांनी हजारो प्रयोग करून जो धातू निवडला, तोच जिवाणूंनीही वापरला आहे. धातू एक, पण वाट वेगळी. कारखान्यातले लोह रेणू आधी फोडते. विकरातले लोह तसे करीत नाही. ते आधी एकेक करून चार इलेक्ट्रॉन आणि तितकेच प्रोटॉन साठवते, त्यांतील दोन-दोन हायड्रोजनचा रेणू म्हणून सोडून देते, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागी नायट्रोजनला धरते. मग पुढचे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन येत जातात आणि बंध टप्प्याटप्प्याने सैल होतो. म्हणून ‘तेच काम कमी तापमानाला’ हे म्हणणे अपुरे आहे. पदार्थ तोच मिळतो, पण काम दुसरे आहे.

आणि जकात? प्रत्येक इलेक्ट्रॉन पुढे ढकलण्यासाठी एटीपीचे दोन रेणू मोडावे लागतात. नायट्रोजनच्या एका रेणूला आठ इलेक्ट्रॉन, म्हणजे एटीपीचे सोळा रेणू. आठांतील दोन इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या रूपाने हातचे जातात. येथे ध्यानात घ्यावे, की उताराच्या दृष्टीने या एटीपीची मुळीच गरज नाही. पेशीतल्या इलेक्ट्रॉनदात्यापासून अमोनियापर्यंतची वाट उताराचीच आहे. सोळाच्या सोळा रेणू अडवणूक ओलांडण्याचे मोल आहेत. कारखाना जकात तापमानात आणि दाबात भरतो, जिवाणू एटीपीत. वेग विचाराल तर विकराच्या एका क्रियास्थानी नायट्रोजनचा एक रेणू हातावेगळा व्हायला सुमारे एक सेकंद लागतो. आपल्या रक्तातील कार्बोनिक अॅनहायड्रेज हे विकर सेकंदाला लाखो रेणू हाताळते. त्याच्यासमोर हे अगदीच धिमे. त्यामुळे जिवाणूला हे प्रथिन फार मोठ्या प्रमाणात बनवून ठेवावे लागते.

एटीपी आणि इलेक्ट्रॉन दोन्ही शेवटी साखरेतून येतात, आणि साखर पाने पुरवतात. हिशेब फळ्यावर करता येतो. ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण मोडला तर २४ इलेक्ट्रॉन मिळतात, किंवा श्वसनातून सुमारे ३० एटीपी. आठ इलेक्ट्रॉनांसाठी एक-तृतीयांश रेणू आणि सोळा एटीपींसाठी अर्ध्याहून थोडा अधिक. मिळून ०.८७ रेणू. वजनात सांगायचे तर एक ग्रॅम नत्राला सुमारे साडेपाच ग्रॅम ग्लुकोज. युरियाची गोणी ४५ किलोची. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे गोणीत सुमारे २०.७ किलो. तेवढे नत्र हवेतून धरायला वालाला किमान ११५ किलो ग्लुकोज खर्चावे लागेल. ऊर्जेत मोजले तर सुमारे १,८०० मेगाज्यूल. तेवढ्याच नत्राचा अमोनिया कारखान्यात होतो सुमारे ७२० मेगाज्यूलमध्ये. पुढे त्याचा युरिया करण्याचा खर्च धरला तर आकडा १,१०० च्या आसपास जातो.

म्हणजे नुसती ऊर्जा मोजली, तर काटकसरी ठरतो तो कारखाना. गाठी वाढवायला आणि पोसायला लागणारी साखर अजून आपण मोजलेलीही नाही.

मग गाठीचे मोठेपण कशात? पहिली गोष्ट उघड आहे. तिची ऊर्जा त्याच वर्षीच्या उन्हातून येते आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड थोड्याच दिवसांपूर्वी हवेतून घेतलेला असतो. कारखान्याचा वायू कोट्यवधी वर्षांचा. ही गोष्ट बहुतेक शिक्षक सांगतात. दुसरी क्वचित सांगितली जाते, आणि आम्हाला तीच अधिक महत्त्वाची वाटते. गाठीतला अमोनिया मुळाच्या आतच तयार होतो आणि लागेल तसा झाडाच्या स्वाधीन होतो. युरियाचे तसे नाही. पाण्याने भरलेल्या खाचरात फोकून दिलेल्या युरियाचा अमोनिया होऊन काही हवेत उडून जातो, काही ओसंडणाऱ्या पाण्याबरोबर खालच्या खाचरात आणि तेथून ओढ्यात जातो, काहीचे नायट्रेट आणि मग पुन्हा नायट्रोजन होऊन तो जेथून आला तेथे परततो. भाताला मिळतो तो बहुधा निम्म्याहून कमी. समजा चाळीस टक्के मिळाला. मग पिकाच्या पोटात गेलेल्या २०.७ किलो नत्रामागे १,१०० नव्हे तर २,७५० मेगाज्यूल खर्ची पडले. हिशेब उलटला, आणि तो भट्टीत उलटला नाही, खाचरात उलटला. शहापूर-मुरबाडच्या पावसात तर तो उलटायला वेळ लागत नाही.

असे असेल तर उपायही खाचरातच शोधला पाहिजे, आणि तो शोधला गेलेला आहे. डॉ. नारायण सावंत यांनी पुरस्कारलेल्या चारसूत्री भातलागवडीतील एक सूत्र युरिया-डीएपीच्या गोळ्यांचे, ज्यांना आपल्याकडे ब्रिकेट म्हणतात. २.७ ग्रॅमची एक गोळी चार चुडांच्या मधोमध चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. खालच्या चिखलात ऑक्सिजन नसतो, त्यामुळे अमोनियमचे नायट्रेट होत नाही. ते मातीच्या कणांना धरून राहते आणि मुळे आपल्या गतीने ते घेतात. रसायनाच्या शिक्षकाने या गोळीकडे नीट पाहावे. गाठ जे करते, म्हणजे मुळाजवळ आणि बेताबेताने नत्र पुरवते, त्याची ही ओबडधोबड नक्कल आहे. कारखान्याचा अमोनिया आणि गाठीची रीत एका गोळीत. खोचायला मनुष्यबळ लागते हे खरे, आणि लावणीच्या दिवसांत ते कुठून आणायचे हा शेतकऱ्याचा प्रश्नही खरा.

या धड्याबरोबर आणखी दोन विधाने फिरतात, तीही तपासून घ्यावी. पहिले, शेंगा येणाऱ्या सर्व वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात. मुरबाडच्या एका शाळेत मुलीने विचारले होते, की टाकळ्यालाही शेंगा येतात, पण उपटला तर मुळे साफ असतात, असे का? प्रश्न बिनतोड होता. टाकळ्याला गाठी येत नाहीत. बहाव्याला येत नाहीत, चिंचेला नाहीत, आपट्यालाही नाहीत. एवढ्या मोठ्या शेंगाधारी कुळात काही शाखांनी जिवाणूंशी सोयरीक जमवली, काहींनी नाही. ज्या भागात आषाढ-श्रावणात टाकळ्याची भाजी घरोघर होते, तेथे पुस्तकातील नियमाचा अपवाद शाळेच्या कुंपणालगतच उगवलेला असतो.

दुसरे विधान, कडधान्य घेतले की जमिनीतले नत्र वाढते. वाढते, पण ते पुन्हा मातीत गेले तर. वालाने धरलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यात जातो आणि दाणे घरात येतात. वेल गुरांना घातले आणि शेणाच्या गोवऱ्या झाल्या, तर खाचराच्या वाट्याला मुळे आणि गळलेली पाने तेवढी उरतात. ताग फुलावर येताच गाडला किंवा बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवला, तर गोष्ट निराळी. जाता जाता, दाढ भाजण्यासाठी राब जाळतात त्याचाही हिशेब असाच: तणाचे बी मरते, राखेतून पालाश आणि थोडे स्फुरद मिळते, पण पाल्यातले नत्र धुराबरोबर जाते.

आता राहिले ते मॉलिब्डेनम. पर्यायी विकर बनवण्याची सोय वालाच्या गाठीतील ऱ्हायझोबियमांत सहसा नसते, म्हणून त्यांना हा धातू हवाच. पिकाची गरज हेक्टरी काही ग्रॅमांच्या घरातली. तेवढाही कधी मिळत नाही, तो मातीत नसतो म्हणून नव्हे. आम्लधर्मी मातीत मॉलिब्डेट लोहाच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटून बसते, आणि तांबूस मातीत ही ऑक्साइडे भरपूर. चुना टाकून आम्लता कमी केली की तेच मॉलिब्डेट सुटे होते. डोंगरउतारावरची वरकस जमीन आणि ओढ्याकाठचे खाचर, दोन्हींची माती ऊर्ध्वपातित पाण्यात कालवून पीएच कागदाने पाहणे आठवीच्या मुलांनाही जमते.

गाठी पाहायच्या तर वाल फुलावर असताना पाहाव्यात. रोप उपटू नये. उपटताना गाठी मातीतच तुटून राहतात. ओली माती घेऊन खणून काढावे आणि बादलीतल्या पाण्यात मुळे हलवून धुवावीत. एक रोप युरिया पडलेल्या जागेतले घ्यावे, एक न पडलेल्या जागेतले. मातीत आयते नत्र मिळू लागले की झाड गाठींना साखर पाठवण्याचे आखडते घेते, त्यामुळे पहिल्या रोपावर गाठी कमी आणि लहान दिसण्याचा संभव अधिक. मग ब्लेडने गाठ मधोमध कापावी. आतून गुलाबी-लाल असेल तर ती चालू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्याच्या जवळच्या नातलगाचा, आणि त्याच्याही मध्यभागी लोहच. नायट्रोजिनेजला ऑक्सिजन लागला की ते नासते, पण एटीपी बनवायला जिवाणूला ऑक्सिजन हवाच. लेगहिमोग्लोबिन तो मोजून मापून आत पोचवते. हेच रोप शेंगा भरून आल्यावर पुन्हा काढले तर गाठी आतून हिरवट-तपकिरी दिसतील. तोवर साखर दाण्यांकडे वळलेली असते.